सोळावा ट्रॅक

मामा लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि तो त्यांनी तीस वर्षांत इतक्यांदा दाबला होता की मामी म्हणे, हे झोपेतही पाय रेटतात, मला रोज एक तरी अपघात वाचवल्याचं पुण्य लागतं. रिकाम्या, सरळ रस्त्यावरही मामांच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे सरकत नसे. मागचे लोक भोंगे वाजवून थकत आणि बाजूने निघून जात. मामा त्यांच्याकडे बघतही नसत. घाई करणं कोणालाही जमतं, असं ते शेजारी घामाघूम होऊन बसलेल्या शिकाऊ माणसाला सांगत.

हाच माणूस अडतीस वर्षांपूर्वी एका रॉक बँडमध्ये ड्रम बडवायचा, हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. म्हणून मामा सांगतच नसत.

बँडचं नाव होतं 'चौथा मजला'. लिफ्ट नसलेल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ही मंडळी सराव करत, आणि सगळ्यात जड सामान मामांचं असल्यामुळे ते नाव त्यांनीच वैतागून ठेवलं होतं. मंडळी चार. मास्तर गिटार वाजवायचा आणि सगळ्यांना अक्कल शिकवायचा, म्हणून मास्तर. काडीसारखा बारीक असलेला जाड्या बेस गिटारवर. गायला मैना. आणि ड्रमवर मामा, जे तेव्हा अजून कोणाचेच मामा झालेले नव्हते. त्यांची एकच ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्यातलं एकच गाणं चाललं, 'पुलाखाली'. पण जे चाललं ते असं चाललं की आजही केस कापायच्या दुकानात, टॅक्सीत, शेजारच्या खिडकीत ते अचानक सुरू होई, आणि मामा जिथे असतील तिथून काहीतरी निमित्त काढून उठत.

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तो विषय कोणी काढत नसे. गाण्याचं तिसरं कडवं संपलं की मैना थांबते आणि शेवटचं सव्वा मिनिट नुसती वाद्यं वाजतात. त्या सव्वा मिनिटात गाणं पळतं. जिथून निघालं त्यापेक्षा बरंच वेगात जाऊन संपतं. ध्वनिमुद्रण झाल्यावर आठवड्याने कंपनीचा एक माणूस हातात घड्याळ धरून ते ऐकायला बसला आणि म्हणाला, हे काय, शेवटी धावतंय की.  मग मास्तरने मामांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हा पळतो. बस, दोन शब्द. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, गाणं तसंच बाहेर पडलं. लोकांना आवडलं. पण मामांच्या मनातून ते दोन शब्द गेले नाहीत. ताल सांभाळणं हे ड्रमवाल्याचं काम. ताल सुटला म्हणजे ड्रमवाल्याचा सुटला. वर्षभरात बँड मोडला, मामांनी ड्रम एका शाळेला देऊन टाकले, आणि त्यानंतर जेवणाच्या टेबलावर बोटंसुद्धा कधी वाजवली नाहीत.

आता कंपनीचं पत्र आलं होतं. जुन्या गाण्यांची नव्याने रीमिक्स करायची आहेत. शिवाय 'पुलाखाली'चं प्रत्येक वाद्य सुटं सुटं करून लोकांसाठी खुलं ठेवायचं आहे, म्हणजे ज्याला वाटेल त्याने आपलं रीमिक्स बनवावं. चौघांच्या सह्या हव्यात. तिघांनी करून टाकल्या होत्या. मामांनी दोन महिने ते पत्र गाडीच्या कप्प्यात, पंक्चरच्या सामानाखाली ठेवलं होतं.

वाद्यं सुटी करणार, म्हणजे मामांचे ड्रम एकटे ऐकू येणार. आजवर गिटार आणि आवाजाच्या आडोशाला लपलेली चूक आता जगात कोणीही काढून, उलटीपालटी करून ऐकणार. मामांनी नाही म्हणायचं ठरवलं होतं. अडचण एवढीच की पहिलं रीमिक्स कंपनीने त्यांच्या भाचीकडे दिलं होतं.

भाचीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. आणि आता तिचं कामच असं होतं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका खुर्चीत बसायचं. ताईचा, म्हणजे भिंगरीच्या आईचा, फोन आला की नाही म्हणायचं तर तोंडावर म्हण, पोरगी दोन महिने वाट बघते आहे. म्हणून एका रविवारी सकाळी मामा तिच्या स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे रंगाच्या गोदामामागची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्यांचा स्पंज चिकटवलेला, खिडकी विटांनी बुजवलेली, टेबलावर दोन काळे स्पीकर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि मधे पडदा. दार लावलं तसा बाहेरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. मामांना आपला श्वास ऐकू यायला लागला.

"बस, मामा. त्या खुर्चीला एक चाक नाही, जरा उजवीकडे रेलून बस."

मामा रेलून बसले. पत्र खिशात होतं. ते काढायच्या आतच भिंगरीने बोलायला सुरुवात केली.

रीमिक्स म्हणजे जुन्या गाण्याखाली कोणीतरी धडाधडा यंत्र वाजवायचं आणि गाण्याची वाट लावायची, अशी मामांची समजूत होती. भिंगरीने आधी ती दुरुस्त केली. गाणं मुद्रित होतं तेव्हा ते एका रुंद टेपवर शेजारी शेजारी सोळा पट्ट्यांत भरतात, त्यांना ट्रॅक म्हणायचं. एका ट्रॅकवर बेस, एकावर आवाज, ड्रमला तर सहा, कारण पायाच्या ड्रमपुढे वेगळा माइक, डाव्या हाताच्या चपट्या ड्रमवर वेगळा. मग कोणीतरी बसून कोणता ट्रॅक किती मोठा ठेवायचा हे ठरवतो आणि सगळं एकत्र करतो. लोक ऐकतात ते हे एकत्र केलेलं. रीमिक्स करणारा मागे जातो, त्या सोळा ट्रॅकपर्यंत, आणि तिथून दुसऱ्या वाटेने पुढे येतो. कोणी फक्त आवाज ठेवतो आणि बाकी सगळं नवं वाजवतो. कोणी एका ठोक्याचे शंभर ठोके करतो. सामान तेच, घर नवं.

"आणि ती टेप इतकी वर्षं टिकली?"

"चिकट झाली होती. आधी भाजावी लागली."

मामांना वाटलं पोरगी थट्टा करते आहे. बटाटे भाजतात तशी का, असं त्यांनी विचारलं. पण ती खरंच सांगत होती. टेपवरचा लेप ओल धरतो आणि चिकटतो, तशीच लावली तर लेपच निघून येतो, गाण्यासकट. म्हणून ती मंद उबेच्या पेटीत आठ-दहा तास ठेवतात. ओल उडते, टेप काही दिवस शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात एकदा वाजवून सगळं संगणकात उतरवून घ्यायचं.  आपण ज्या गाण्यापासून पळत होतो ते कुठल्यातरी पेटीत दहा तास उबेत पडून वाळत होतं, ही गोष्ट त्यांच्या मनात कुठेच बसेना.

भिंगरीने पडद्यावर सोळा आडव्या पट्ट्या उघडल्या, प्रत्येकीत डोंगरांच्या रांगेसारखी नक्षी. तिने पंधरा बंद केल्या. स्पीकरमधून मैनेचा आवाज आला. नुसता आवाज. ना गिटार, ना काही. चोवीस वर्षांची मैना खोलीच्या मधोमध उभी राहिल्यासारखी. ओळ सुरू करण्याआधी तिचे ओठ उघडल्याचा बारीक आवाजही आला.

मामांनी खिशातला हात बाहेर काढला. पत्र आतच राहिलं.

मग भिंगरी म्हणाली की तिने एक गोष्ट मामांसाठी केली आहे, ती आधी ऐकून घे आणि मग काय ते बोल. ती जरा लाजली होती. रीमिक्ससाठी गाण्याचा वेग एकसारखा लागतो, नाहीतर यंत्रावरचे नवे ठोके त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणून तिने मामांचा प्रत्येक ठोका कापून वेगळा केला होता आणि यंत्राने सारख्या अंतरावर आखलेल्या रेघेवर नेमका नेऊन ठेवला होता. मग बेस आणि गिटार त्या ठोक्यांना जुळवून घेतले होते. तीन आठवडे लागले.

"शेवटचं ते पळणं सगळं काढून टाकलंय, मामा. आता कोणाला कधी कळणार नाही."

तिने गाणं लावलं. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, तिसरं, आणि मग ते सव्वा मिनिट आलं. ड्रम सरळ चालले. सुतात ओवल्यासारखे. गेली अडतीस वर्षं मामांनी मनात हेच गाणं असं वाजवलं होतं. हवं ते सगळं इथे होतं, एकही ठोका इकडचा तिकडे नाही.

गाणं संपलं तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. भिंगरीकडे बघितलं तर तिचाही चेहरा तसाच, परीक्षेत सगळं बरोबर लिहून नापास झाल्यासारखा.

"बरं झालंय," मामा म्हणाले.

"नाही झालं. मला तीन दिवस कळत नाहीये काय बिघडलंय. सगळं बरोबर आहे आणि मेलंय."

मामा खुर्चीत सरळ बसायला गेले आणि बिनचाकाच्या बाजूला कलंडता कलंडता वाचले. मग त्यांनी अशी गोष्ट मागितली जी मागायला ते इतकी वर्षं घाबरत होते. म्हणाले, जसं होतं तसं लाव. मैना थांबते आणि मोकळं मैदान येतं तिथून. आणि फक्त ड्रम.

इतक्या वर्षांत मामांनी स्वतःला एकटं असं कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि त्यांचे कान गरम झाले. पळत होता तो मुलगा, शंका नको. मिनिटाला एकशे अठरा ठोक्यांवरून निघाला होता आणि एकशे सत्तावीसवर जाऊन थांबला, आकडा पडद्याच्या कोपऱ्यात चढताना दिसत होता. मामांनी मान खाली घातली. पाहिलंस, असं ते पुटपुटले, मास्तर बरोबर होता.

 भिंगरीने बेसचा ट्रॅक उघडला, मग गिटारचा, आणि तिन्ही नक्षी एकाखाली एक ठेवून मोठ्या केल्या. एवढ्या मोठ्या की एकच ठोका पडदाभर झाला. आता कोणता कोणाच्या आधी येतो ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. शिक्षकाने फळ्यावर गणित मांडावं तसं तिने बोट ठेवून दाखवलं. इथे बेस आधी, ड्रम मागून. किती आधी, तर पापणी लवायला लागतो त्या वेळेच्या दहाव्या हिश्शाने. पुढचा ठोका, आता गिटार आधी. त्याच्या पुढचा, ड्रम. मग पुन्हा बेस, मग दोघं अगदी एकावर एक.

मामा पुढे सरकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकेक ठोका ते पुढे न्यायला सांगत होते आणि ती नेत होती. पन्नास ठोके झाले, शंभर झाले. त्यांना तो पहिला पळणारा सापडत नव्हता. कोणीच कोणाला ओढत नव्हतं. एक जण केसभर पुढे जाई, दुसरा तिथे पोचेपर्यंत तिसरा केसभर पुढे गेलेला असे, आणि असे तिघं मिळून डोंगर चढत होते. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी खूण केली नव्हती. तीन वेगळी माणसं, सहा हात, वर मामांचे दोन पाय, आणि पापणीच्या दहाव्या हिश्शात एकमेकांना ओळखून घेत होती. हे आपण केलं होतं? आपल्याला तर त्या दिवशी जाड्याने उसन्या घेतलेल्या शर्टाचंच टेन्शन होतं.

"मी हे सगळं सरळ केलं," भिंगरी हळू म्हणाली. "तुम्हा तिघांची बोलणी कापली मी."

 मामांची नजर पडद्याच्या तळाशी गेली होती. सोळावी पट्टी आतापर्यंत बंदच होती. त्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं.

त्यात काही नाही, भिंगरी म्हणाली. छताला एक माइक टांगलेला होता, खोलीचा आवाज घ्यायला. मूळ गाण्यात तो वापरलाच नव्हता, कंपनीच्या यादीतही पंधराच ट्रॅक आहेत. गोंगाट असेल म्हणून तिनेही उघडला नव्हता.

"उघड की."

आवाज लांबून आला, जिन्यावरून खोलीतलं ऐकू यावं तसा. सगळी वाद्यं एकमेकांत मिसळलेली, मामांच्या ड्रमच्या पितळी थाळ्या सगळ्यांच्या वर. तिसरं कडवं संपलं. मैना गायची थांबली. आणि मग, वाद्यांच्या मागे कुठेतरी, कोणीतरी हसलं.

भिंगरीने आवाज वाढवला. मैना हसत होती. गाणं नाही, नुसती उभी राहून हसत होती, आणि वेग जसा चढत गेला तसं तिचं हसू चढत गेलं. मग दुसरं हसू आलं, ठसका लागल्यासारखं, ते जाड्याचं. तिसरं घोगरं. इतक्या वर्षांत मामांनी त्या माणसाचा आवाज ऐकला नव्हता, तरी त्यांना ते हसू पहिल्या क्षणी कळलं. मास्तर हसत होता. तोच, ज्याने आठवड्यानंतर बोट दाखवलं.

आणि या तिघांच्या खाली, छतापासून सगळ्यात दूर आणि तरीही सगळ्यात मोठं, चौथं कोणीतरी अगदी पोट धरून हसत होतं. थाळीवर काठी पडत होती आणि तो हसत होता, हसत होता आणि पडत होती.

"हा कोण?" भिंगरीने विचारलं.

मामांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी, असं ते म्हणाले.  मामांना आठवत होती ती खोली, घड्याळ, बोट. त्या खोलीच्या आधी ही खोली होती हे ते साफ विसरले होते. जणू त्या दोन शब्दांनी मागे जाऊन हे सव्वा मिनिट पुसून टाकलं होतं. आणि छताला टांगलेल्या, कोणाला नको असलेल्या एका माइकने ते सांभाळून ठेवलं होतं. टेपला लाज नव्हती. तिने जे झालं तेवढंच ऐकलं होतं.

मामांनी पत्र काढलं आणि मांडीवर ठेवून सही केली. सहीखाली त्यांनी एक ओळ लिहिली, की लोकांना ट्रॅक द्यायचे तर सोळा द्यावेत, पंधरा देणार असाल तर माझी सही धरू नये. भिंगरीने वाचलं आणि म्हणाली, ड्रम एकटे ऐकतील हं लोक. मामा म्हणाले, ऐकू देत, पण मग हेही ऐकू देत.

राहिला प्रश्न तिच्या रीमिक्सचा. सरळ केलेलं सगळं तिने एका बटणाने पुसलं, तीन आठवड्यांचं काम. आता तिने उलट धरलं. ड्रमला यंत्राच्या रेघांवर आणायचं नाही, रेघाच ड्रमखाली न्यायच्या. प्रत्येक ठोक्यावर एक खूण ठेवायची, म्हणजे यंत्राला कळेल की इथे एक, इथे दोन, आणि तिने नंतर जे जे वाजवायला सांगितलं ते ते त्या खुणांच्या मागे मागे जाईल. गाण्यात ठोके होते पाचशे सत्तावन्न. निम्म्या खुणा यंत्र आपोआप ठेवायचं आणि त्यातल्या निम्म्या चुकायच्या, कारण थाळीचा थरार आणि काठीचा घाव यातला फरक त्याला कळत नसे. तो मामांना कळे. पुढच्या रविवारी ते आले, त्याच्या पुढच्याही. डाव्या हाताचा घाव हा नव्हे, हा, आधीचा. ती काठी कडेला लागली होती, तिला मोजू नकोस. मामीने विचारलं की सकाळी सकाळी जाता कुठे, तर म्हणाले, स्वतःला दुरुस्त करायला, आणि मग दारातून परत येऊन म्हणाले, नाही, दुरुस्त नाही करायला. मामीने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या रविवारी भिंगरीने गाणं नव्याने बांधलं. खाली छातीत घुमणारा एक नवा, जाड ठोका, वर बारीक चुरचुरणारे दहा-बारा आवाज, कुठले ते तिलाच ठाऊक. एक तर म्हणे गोदामाच्या शटरचा होता. मैनेची एकच ओळ घेऊन तिने तिचे थर लावले होते, एकीवर एक, दहा मैना. आणि तिसरं कडवं संपल्यावर ते सगळं यंत्र, जे कधी कोणासाठी एक पाऊल लवकर टाकत नाही, ते अडतीस वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या मागे पळायला लागलं. मामांच्या हातांवर काटा आला. त्यांनी बाह्या खाली ओढल्या, पण भिंगरीने पाहिलंच.

"एक जागा रिकामी ठेवलीय," ती म्हणाली. तिने टेबलावर रबरी चौकोनी बटणांची एक छोटी पाटी ठेवली. पहिलं बटण दाबलं, मैना हसली. दुसरं, जाड्या. तिसरं, मास्तर. चौथं तिने दाबलं नाही, पाटी मामांकडे सरकवली. हसण्याचे तुकडे कापून तिने त्यांची वाद्यं केली होती, दाबाल तेव्हा वाजतील, जोरात दाबाल तर जोरात. ते यंत्राने वाजवायचे नव्हते. तिला ते हाताने हवे होते.

मामांनी बोटांकडे पाहिलं. स्टिअरिंगवर तीस वर्षं घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी बसायची सवय झालेली बोटं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. भिंगरीने गाणं तिसऱ्या कडव्यापासून लावलं आणि मुद्रणाचा लाल दिवा पेटवला.

मैना थांबली. मोकळं मैदान आलं. मामांनी मास्तरचं बटण दाबलं, मग स्वतःचं, मग दोन्ही एकदम, आणि यंत्र, दहा मैना, गोदामाचं शटर आणि तो ड्रमवरचा मुलगा असे सगळे त्यांच्या बोटांखालून वर चढायला लागले.

"मामा, आधी येतोयस," भिंगरी म्हणाली.

"ठाऊक आहे," मामा म्हणाले, आणि पुढचं बटणही त्यांनी केसभर आधीच दाबलं.